पंच नंबर एक

गुलाबभाऊला पत्ता विचारून कोणी सरळ पोचलं असेल, असं मला वाटत नाही. मी या गावात पहिल्यांदा खोली बघायला आले, तेव्हा पोलीस स्टेशनसमोर एक शिंप्याचं दुकान उघडं दिसलं. म्हटलं, यालाच विचारावं. त्यानं मशीनवरचा पाय काढला, ओठातला दोरा काढला, चांगला उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, त्या घराच्या पूर्वेस सरकारी रस्ता हाये, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस सोनाराचं पडकं घर अन् दक्षिणेस मोकळी जागा. मधात जे राह्यलं, ते घर." मी बघतच राहिले. मनात म्हटलं, मायबाई, हा येडा की काय! पुढं कळलं की येडा नव्हता, पंच होता.

आता ज्यांना पोलीस-कोर्टाचा वारा लागलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. चोरी होवो, अपघात होवो, खून होवो, पोलिसांना जागेवर जाऊन पंचनामा करावा लागतो आणि त्याला दोन त्रयस्थ माणसं लागतात. त्यांनी तिथं हजर राहायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि खाली सही करायची. कागदावर लई मानाचं काम. प्रत्यक्षात पोलिसांची गाडी दिसली की लोक शटर ओढून जेवायला निघून जातात, भूक असो की नसो. कारण आज सही केली की चार-पाच वर्षांनी समन्स येतं, दिवसाची मजुरी बुडते, आणि वकील भर कोर्टात तुम्हाला खोटारडा ठरवायला बघतो. म्हणून बहुतेक ठाण्यांच्या आसपास एक-दोन कायमचे पंच असतात. कुठं पानवाला, कुठं पंक्चरवाला. आमच्याकडे गुलाब टेलर. कागदोपत्री नेहमी पंच नंबर एक.

मी हे एवढ्या ठसक्यात सांगते, कारण मी कोर्टात स्टेनो आहे. साहेब सांगतात, मी टाइप करते. कोर्ट कुठलं, ठाणं कुठलं, गाव कुठलं, ते विचारू नका. मला अजून पेन्शन घ्यायची आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं, जळगाव जामोदच्या रस्त्यावरचं एक गाव, एवढं पुरे. मी मूळची संग्रामपूरची. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिथंच राहिले. ती गेल्यावर इथं खोली केली, कारण इथून कोर्टाची थेट गाडी मिळते. एकटी बाई आणि समोर एकटा पुरुष म्हटलं की गावाच्या जिभेला हाड राहत नाही. म्हणून गुलाबभाऊ माझ्याशी नेहमी रस्त्याच्या पलीकडून बोलायचा. मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल असं. "बाई, आज गाडी उशिरा आली का?" एवढी त्याला अक्कल होती आणि मला त्याचं बरं वाटायचं.

दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, कानांवर केस, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खूण, गळ्यात मापाची टेप. ती टेप तो आंघोळीपुरतीच काढत असावा. ठाण्यातल्या सगळ्यांची खाकी त्याच्याकडेच शिवली जायची. "ठाणेदार कोनताही येवो," तो म्हणायचा, "त्याची कंबर मलेच ठाऊक." बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारली, मूलबाळ नाही. दुसऱ्या लग्नाचा विषय कोणी काढला तर म्हणायचा, "एकाच मापाचं कापड होतं, सरलं." आणि मशीन चालू करायचा, म्हणजे पुढचं बोलणं ऐकू येऊ नये.

तो पंच कसा झाला, ही गोष्ट मी त्याच्या तोंडून पाच-सहा वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी अंतर तेवढंच होतं, हे महत्त्वाचं. गावाबाहेर एका ट्रकनं बैलगाडी उडवली होती. फौजदार नवीन, मोजायला जवळ काही नाही. कोणीतरी म्हणालं, गुलाबजवळ टेप आहे. गुलाब धावत गेला. शिंप्याची टेप ती, साठ इंचांची. ती डांबरावर टेकवायची, टोकाशी खडूची रेघ मारायची, परत तिथून पुढं. अशी एक्केचाळीस वेळा, भर उन्हात, गुडघ्यांवर. लोक हसायला लागले. "गुलाब्या, रस्त्याले पँट शिवून राह्यला का बे?" यानं मान वर केली नाही. शेवटी बावीस इंच उरले, तेही फौजदाराला लिहायला लावले. पुढं कोर्टात आरोपीच्या वकिलानं अंतरावरूनच याला धारेवर धरलं आणि हा एक इंच सरकला नाही. झालं. तेव्हापासून ठाण्याचा शिपाई रस्ता ओलांडून यायचा, "गुलाबभाऊ, चला," म्हणायचा, आणि हा हातातली कैची ठेवून उठायचा.

जप्त केलेली वस्तू पांढऱ्या कापडात शिवतात, त्यावर लाख लावतात आणि पंचांच्या सहीची चिठ्ठी डकवतात. ते शिवण्याचं कामही आपसूक याच्याकडे आलं. दुहेरी दोरा, उलटा टाका, गाठ आतल्या बाजूला. चोराची पहार असो की हातभट्टीची बाटली, तो ती अशी शिवायचा की बघणाऱ्याला वाटावं रुखवताची उशी आहे. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "आत काय हाये त्याच्याशी मले काय करायचं, बाई? शिवन तं माही हाये ना."

एका घरफोडीत चोर भिंत फोडून शिरला होता. यानं भोक मोजलं, दोन फूट चार इंच. फौजदार म्हणाला, "तीन फूट लिहू. एवढ्याशा भोकातून माणूस जाईल का? वकील फाडून खाईल." हा म्हणाला, "मंग चोर बारका असन, साहेब. भोक तं वाढत नाई." फौजदार भडकला, याला उन्हात तासभर उभं ठेवलं. हा उभा राहिला. पंचनाम्यात दोन फूट चार इंचच लिहिलं गेलं. पुढं चोर सापडला तो खरोखरच काडी होता, आणि त्या फौजदारानं स्वतः येऊन याला नवीन गणवेशाचं कापड दिलं शिवायला. माफी मागण्याची पोलिसांची तीच पद्धत.

दुकानाला लागून नामदेवची चहाची टपरी. गुलाबभाऊचं या जगात जे काही होतं, ते तिथं होतं. एक कप चहा दोन बशांत ओतून दोघं प्यायचे, दिवसातून चार वेळा, आणि चारही वेळा भांडायचे. टपरीत टीव्ही होता. दुपारी त्यावर गुन्ह्यांच्या मालिकांचे जुने भाग लागत आणि निम्मा बाजार तिथं उभा राही. पडद्यावरचा अधिकारी चिमट्यानं एक केस उचलून सांगे की खुनी डावखुरा आहे, आणि गुलाबभाऊ बाकावरून ओरडे, "अबे, पंच कुठी हायेत? त्या केसाले हात कोनं लावू देल्ला याले?"

"तू चहा पी. टीव्हीत पंच नसते," नामदेव म्हणायचा.

"मंग कोर्टात सुटते तो. पाह्यजो तू."

"टीव्हीत कोर्टच नसते, गड्या! चाळीस मिनिटात सारं कबूल करते."

"पोलिसापुढच्या कबुलीले कोन इचारते?"

लोक पोट धरून हसायचे. खरं सांगते, मीही माझ्या ओट्यावरून हसायचे. कोर्टात दिवसभर टाइप करून आल्यावर गुन्ह्याबद्दल कोणी इतकं मनापासून भांडतंय हे ऐकायला मजा वाटायची.

संध्याकाळचं जेवण त्याचं नामदेवच्या घरी. नामदेवची बायको मंदावहिनी, तिच्या हातची भाकर आणि ठेचा. त्यांची एकच पोरगी, वंदना. ती याला काका म्हणायची. पहिलीपासून दहावीपर्यंत तिचा शाळेचा गणवेश यानं शिवला, आणि माप कधी घेतलं नाही. "वाढलेली दिसते ना डोळ्याले," म्हणायचा. तिचं लग्न झालं तेव्हा मांडवात नामदेवपेक्षा हाच जास्त पळत होता. पाठवणीच्या वेळी बाप रडला, आई रडली, आणि हा गडी पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभा राहिला. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासर सात-आठ किलोमीटरवर. जूनमधल्या एका सकाळी बातमी आली की वंदनाला तिच्या घरात कोणीतरी मारून टाकलं. नवरा पळाला होता. तिसऱ्या दिवशी सापडला. पोलिसांच्या कागदाप्रमाणे त्यानं स्वतः चालत जाऊन गोठ्यामागच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, गंजीतून विळा काढून दिला. त्या पंचनाम्यावर दोन सह्या होत्या. दुसरा पंच पुढं कामाला सुरतेकडं गेला, त्याचं समन्स परत आलं. पहिली सही गुलाबभाऊची.

नामदेवनं टपरीतला टीव्ही बंद केला तो केलाच.

केस उभी राहायला चार वर्षं गेली. तोवर नवऱ्याच्या घरच्यांनी काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं, शेजाऱ्यांनी काही ऐकलं नाही म्हणून सांगितलं. हळूहळू सगळी केस येऊन त्या विळ्यावर थांबली. विळ्यावर वंदनाचं रक्त होतं, आणि तो नवऱ्यानंच काढून दिला हे सांगणारा एकच माणूस उरला होता. गाव निर्धास्त होतं. गुलाबचा पंचनामा आहे म्हणजे झालं, इंचभर सरकणार नाही.

समन्स आलं त्या दिवशी गुलाबभाऊनं नामदेवला आणि मंदावहिनीला सांगून टाकलं, की त्या जप्तीला तो गेलाच नव्हता. पोलीस बोलवायला आले, यानं ठाण्यात कागदावर आणि चिठ्ठीवर सह्या केल्या आणि परत येऊन मशीनवर बसला. आयुष्यात एकदाच. जूनचा महिना, शाळा उघडायच्या, दुकानात निळ्या-पांढऱ्या कापडाचा ढीग. मी तरी मनात असंच धरून चालले की कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल.

साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नामदेव याच्या दुकानात येऊन बसला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. नामदेवचा आवाज चढला म्हणून ऐकू आलं. "गुलाब, तुले खोटं कुठी बोलायचं हाये? त्यानंच मारलं हे तुलेही ठाऊक. विळाही तोच. फक्त हाव म्हनायचं हाये. एक हाव." नामदेवनं त्याचे हात धरले, मग पाय धरायला वाकला, तेव्हा यानं त्याला खांद्याला धरून उठवलं.

नामदेव गेल्यावर गुलाबभाऊ रस्ता ओलांडून माझ्या ओट्याशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक इचारू?"

मी सूप खाली ठेवलं. "भाऊ, उद्या ती केस माझ्याच टेबलावर आहे. मला काही विचारू नका."

"हाव. बरोबर हाये तुमचं," तो म्हणाला आणि परत गेला. नियमानं मी बरोबरच होते. नियमानं बरोबर असण्याचं सुख काय असतं, ते त्या रात्री मला समजलं; निवडलेले तांदूळ तसेच सुपात राहिले.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला, टेप न घालता. गळा उघडाउघडा दिसत होता. मागच्या बाकावर नामदेव आणि मंदावहिनी. आरोपी पिंजऱ्यात, खाली बघत. शपथ झाली. सरकारी वकिलांनी नाव, गाव, धंदा विचारला आणि मुद्देमालाचं पुडकं त्याच्यापुढं धरलं. प्रयोगशाळेनं ते एका बाजूनं उसवलं होतं, बाकीच्या तीन बाजू तशाच होत्या. गुलाबभाऊनं ते हातात घेतलं आणि उलटंपालटं करून शिवण बघू लागला. लांब लांब टाके, गोधडीला घालतात तसे.

"हे मी शिवलेलं नाई," तो म्हणाला.

"ते विचारलेलं नाही," वकील म्हणाले. "चिठ्ठीवर सही तुमची आहे का?"

"सही माही हाये."

"मग हा विळा आरोपीनं तुमच्यासमक्ष काढून दिला?"

मी बोटं की-बोर्डवर ठेवून वाट बघत होते. एक 'हो' टाइप करायला काय वेळ लागतो? मनातल्या मनात मीही म्हणत होते, म्हण बाबा, म्हणून टाक. मी कोर्टाची नोकर, मी असं म्हणायला नको होतं, पण म्हणत होते.

"मी तिथं गेलो नव्हतो, साहेब. सही ठाण्यात केली."

मागं बाक करकरला. साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि मला सांगायला सुरुवात केली, की साक्षीदार सरकार पक्षाला फितूर झाला आहे, सबब सरकारी वकिलांनी त्याचा उलटतपास घेण्याची परवानगी मागितली. फितूर हा शब्द मी नोकरीत इतक्या वेळा टाइप केला आहे की बोटं आपोआप चालतात. त्या दिवशी पहिलं अक्षर उमटलं आणि हात थांबला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढची अक्षरं टाइप केली. काय करणार? कायद्याला दुसरा शब्द माहीत नाही.

मग सरकारी वकील त्याच्यावर तुटून पडले. आरोपीकडून पैसे खाल्ले, हे खरं का? नाही. आरोपीच्या लोकांना घाबरून खोटं सांगता? नाही. पंचनामा वाचून सही केली होती? नाही. आजवर असे किती पंचनामे न जाता केले? "हा एकच, साहेब." कोर्टात कोणीतरी हसलं. आरोपीच्या वकिलानं एकही प्रश्न विचारला नाही. त्याला हवं ते मिळालं होतं.

परतीच्या गाडीत तो मला दिसला. नामदेव आणि मंदावहिनी मागच्या गाडीनं येणार होते, याच्याबरोबर यायला तयार नव्हते. गाडी अर्धी रिकामी, तरी हा दांडा धरून उभा. मी शेजारची पिशवी उचलून म्हटलं, बसा भाऊ. तो अंग चोरून बसला. मी म्हटलं, "त्यानंच केलं असं तुम्हालाही वाटतं ना?"

"वाटत नाई, बाई. ठाऊक हाये."

"मग?"

"माह्या सहीवर किती लोकं आत गेले, तुमी टाइप केलं ना? तिथं मी गेलतो, खरंच पाह्यलं होतं. म्हनून मले झोप येते. एकदा न पाह्यता पाह्यलं म्हन्लं, तं मंग ते सारे..." आमचं गाव आलं तेव्हा तो मागच्या दारानं उतरला आणि मी पुढच्या.

निकाल लागला. संशयाचा फायदा, निर्दोष सुटका. साहेबांनी निकालपत्रात तपासावर कडक ताशेरे ओढले, ते मीच टाइप केले. पण तपास करणारा अधिकारी कधीच बदलून गेला होता आणि ताशेरे वाचायला गावात कोणाला वेळ होता? गावानं दुसरंच वाचलं. आमच्याकडे एक चॅनलवाला आहे, चॅनल म्हणजे तो, त्याचा मोबाईल आणि एक माइक. त्यानं व्हिडिओ टाकला: 'पंच फुटला! जिवलग मित्रानंच केला घात!' मागं ढगांचा गडगडाट, गुलाबभाऊच्या फोटोभोवती लाल वर्तुळ. दोन दिवसांत घराघरांत वाजत होता. मालिका बघून वाढलेलं गाव ते. मालिकेत एक गद्दार लागतो, तो यांना सापडला.

गुलाबभाऊनं मला रस्त्यापलीकडून हाक मारली. "बाई, पाह्यला का तो व्हिडिओ?"

मला वाटलं, आता हा रडेल. म्हटलं, "जाऊ द्या हो भाऊ, कुत्री भुंकतात."

"नाई, तसं नाई. त्यानं माह्यं दुकान ठाण्याच्या उत्तरेस दाखवलं. ते पूर्वेस हाये."

मला हसूही आलं नाही आणि रडूही.

शिव्या त्याला फार कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांनी कापड टाकणं बंद केलं. पोलिसांची खाकी दुसरीकडे जाऊ लागली, कारण असल्या पंचाचा त्यांना काय उपयोग? शिपाई रस्ता ओलांडून येईना. नामदेवनं काहीच केलं नाही. फक्त टपरीतला बाक उचलून पलीकडच्या अंगाला नेऊन टाकला, म्हणजे बसणाऱ्याची पाठ दुकानाकडे व्हावी. चहाची बशी बंद झाली. संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत स्टोव्ह पेटल्याचा आवाज येऊ लागला. दुपारी मात्र तो मशीनवर बसायचा आणि कापड न लावता नुसता पाय मारायचा. मी विचारलं तर म्हणाला, "चालवत राह्यावं लागते, बाई. नाई तं जाम होते." रिकाम्या मशीनचा तो आवाज मी माझ्या खोलीत बसून ऐकायचे. एकटं माणूस एकट्या माणसाचा आवाज लवकर ओळखतं.

बाजारात बायका मला गाठायच्या. "तुमी तं तिथंच होत्या, बाई. खरंच पैसे खाल्ले का त्यानं?" मी सांगायचे, कोर्टातलं बाहेर बोलता येत नाही. नियम खरा होता, पण त्या नियमाच्या आड बसायला मलाही बरं वाटत होतं, हे आज कबूल करते. 'नाही, त्यानं पैसे खाल्ले नाहीत' एवढं एक वाक्य बोलले असते तर माझी नोकरी गेली नसती. दिवाळीला मला पडदे शिवायचे होते. ते मी जळगाव जामोदला टाकले. समोर शिंपी असताना कापड गाडीत घालून वीसेक मैल नेलं! आता म्हणे पंचनाम्याचं मोबाईलवर शूटिंग करावं लागतं, म्हणजे कोण गेलं आणि कोण नाही हे लपत नाही. बरं झालं. मोबाईलला शेजारी-पाजारी नसतात.

दीड वर्ष त्यानं असं काढलं. मग एका सकाळी मी आठच्या गाडीसाठी स्टँडवर गेले तर हा तिथं, पायाशी दोन पिशव्या. मशीन विकलं होतं. म्हणाला, "सुलतानपूरले बहीण हाये, लोणार तालुक्यात. तिच्या घरी चाललो." पोचवायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, पत्र टाका, फोन करा, असलं काहीतरी. तो मान हलवत होता, आणि एकदम थांबला.

मंदावहिनी येत होत्या. पदर डोक्यावर, हातात काही नाही, चपला पायांत कशाबशा अडकवलेल्या. निकालापासून त्या याच्या दुकानापुढून जायच्या तेव्हा मान वळवून जायच्या. आता सरळ येऊन याच्यापुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई याच्या तोंडावर थुंकणार. मी एक पाऊल मागं सरकले.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कोर्टात काऊन खरं बोलले, हे मी नाई इचारत. पोरगी तं येनार नव्हती. पन त्या दिवशी तुमी तिथं गेले काऊन नाई? माह्या पोरीचं काम होतं ना ते?"

गुलाबभाऊनं पायाशी ठेवलेल्या पिशव्या सरळ केल्या. मग म्हणाला, "जीपमंदी तो बसेल होता, वहिनी. त्याच्या अंगात लग्नातला सदरा होता. मीच शिवलेला. मी जीपच्या फळीवर पाय ठेवला अन् कॉलर दिसली. मंग मले चढताच नाई आलं. साहेबाले म्हन्लं, तुमी जाऊन या, सही मी आत्ताच करून देतो."

मंदावहिनींनी पदर तोंडाशी धरला. "मंग हे सांगितलं काऊन नाई, भाऊजी? इतके दिवस?"

"कोनी इचारलंच नाई, वहिनी."

मी दोन हात अंतरावर उभी होते. माझी गाडी लागली, मी चढले आणि खिडकीशी बसले. सुलतानपूरकडची गाडी अजून यायची होती. मंदावहिनी बाकावर बसल्या होत्या, शेजारी जागा होती, आणि तो तसाच उभा होता.